हातांना शिकू द्या



आजचा विषय आपल्याकडे दबक्या आवाजात बोलला जातो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असला, की भारतातल्या नातेवाइकांना फोनवर आपण 'बरा आहे' एवढंच सांगतो. आणि घरात त्याच्या हातातलं काम काढून घेतो. 'राहू दे, तुला नाही जमायचं.' मी डॉक्टर नाही. पण हे वाक्य का टाळावं, ते सांगतो.

स्मरणशक्ती एकाच प्रकारची नसते. काल काय जेवलो हे आठवणं वेगळं आणि पोळी लाटता येणं वेगळं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर फिट्ससाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सरावला, पण हे आपण आधी केलंय, हे त्याला आठवत नव्हतं.

स्किझोफ्रेनियात सांगितलेलं लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं अवघड जातं. त्यामानाने सरावाने, नकळत शिकणं अनेकांमध्ये बरंच शाबूत असतं. याची एक चाचणी आहे. पडद्यावर चार जागांपैकी जिथे खूण दिसेल, तिथलं बटण दाबायचं. खुणांचा क्रम ठरलेला असतो, पण ते सांगत नाहीत. तरीही बोटं हळूहळू वेग घेतात. सगळ्यांचं सारखं होत नाही. शिवाय काही औषधांनी हालचाली मंदावतात. तो आळस नव्हे. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला, गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

मग घरी काय करायचं? चहाचंच घ्या. लांबलचक सूचना देऊ नका, शेजारी उभं राहून करून दाखवा. पातेलं, साखर, चहाचा डबा रोज त्याच जागी आणि क्रमही तोच. आधी फक्त पाणी मोजून ठेवणं, ते जमलं की पुढची पायरी. चुकणार असं दिसलं तर आधीच हात द्या, कारण हाताला चुकीचीही सवय लागते. आणि 'काल काय सांगितलं होतं?' अशी परीक्षा घेऊ नका.

न्यूयॉर्कमध्ये १९४८ पासून फाउंटन हाउस ही संस्था आहे. तिथे मानसिक आजार असलेले सदस्य कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने रोजची कामं करतात. 'नॅमी' ही संस्था कुटुंबीयांसाठी आठ सत्रांचा मोफत वर्ग घेते. तिथे जरूर जा. आणि जिवाला धोका वाटला, तर अमेरिकेत ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आज संध्याकाळचा चहा त्याला, किंवा तिला, करू द्या. वेळ लागेल, तर लागू द्या.