गांव आणि मंडळी

देवगडाकडील गांवांत ग्रामदेवतेपुढें जें गाऱ्हाणें घालतात, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. गाऱ्हाणें घालणारा एकेक मागणें मागतो. शेताला पीक येवो, आंब्याला मोहोर धरो, होडी सुखरूप बंदरास लागो, मुंबईस गेलेल्या चाकरमान्यास यश येवो. आणि प्रत्येक मागण्यास जमलेला गांव एका आवाजानें ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतो. दूर गेलेल्या माणसाचीही तेथें आठवण होते, ही या गांवरहाटीची थोरवी होय. परंतु या रहाटींत ज्याची त्याची जागा जन्मानेंच नेमलेली असे. मानकऱ्याचा नारळ आधीं, इतरांचा मागून. आणि कित्येकांना तर काम असे, हक्कही असे, पण उंबरठ्याच्या आंत पाऊल नसे. मग ज्याला गांवांत जागाच उरली नाहीं, त्यानें काय करावें? या प्रश्नाचें एक उत्तर शोधण्यासाठीं मी आपणांस देवगडाहून पुण्यास, वेताळ पेठेंत म्हणजे सध्यांच्या गुरुवार पेठेंत, घेऊन जाणार आहें.

तेथें पाण्याच्या पांच हौदांवरून नांव पडलेल्या पंचहौदाच्या आवारांत ‘पवित्र नाम देवालय’ उभें आहे. त्याची प्रतिष्ठा १८८५ सालीं झाली. इंग्लंडांतील काउली फादर्स नांवाच्या संन्यस्त धर्मगुरूंनीं हें काम उभारलें. त्यांच्या जोडीला १८७७ पासून वाँटेजच्या भगिनी पुण्यांत आल्या होत्या. पंडिता रमाबाई १८८३ त इंग्लंडास गेल्या त्या याच भगिनींच्या आधारानें. हा पंथ अँग्लिकन, म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालीं चालणारा. पण मला आज बिशपांविषयीं बोलावयाचें नाहीं, बांकांवर बसणाऱ्या साध्या माणसांविषयीं बोलावयाचें आहे.

धर्म बदलणाऱ्या माणसाचें त्या काळीं काय होई? काशीचे विद्वान नीळकंठशास्त्री गोरे यांनीं १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि ज्या पंडितसमाजांत ते वाढले होते तो त्यांना पारखा झाला. दापोली तालुक्यांतील करजगांवीं जन्मलेले कवि नारायण वामन टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले. ते अमेरिकन मिशनचे, अँग्लिकन नव्हेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं पांच वर्षांनंतर बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळांत त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या घरांना मीं सांगावयास नको. हे तर विद्वान व प्रसिद्ध लोक. ज्याच्यापाशीं नांवही नाहीं आणि विद्याही नाहीं, अशा कुटुंबाला मंडळीनें आपलें म्हटलें नाहीं तर पंगत उरत नव्हती, सोयरीक उरत नव्हती, खांदा द्यायलाही चार माणसें उरत नव्हतीं.

म्हणून लहान मंडळीच्या ज्या गोष्टी आपणांस किरकोळ वाटतात, त्या किरकोळ नाहींत. उपासना संपतांच कोणी लगबगीनें घरीं जात नाहीं. आवारांत थांबून एकमेकांची विचारपूस होते. मागच्या रविवारीं कोण दिसलें नाहीं, हें कोणाच्या तरी ध्यानांत असतेंच. आजाऱ्याचें नांव प्रार्थनेंत घेतात आणि मग त्याच्या घरीं पेजही पोंचते. लग्न ठरलें कीं पूर्वापार रीतीनें तीन रविवार तें सर्वांसमोर जाहीर करावयाचें. म्हणजे एका घरचें कार्य साऱ्या मंडळीचें होतें. कापणीच्या सणास कोणी धान्य आणतो, कोणी भाजी, कोणी चार अंडीं. त्यांचा लिलाव होतो, आणि गरिबाच्या चार अंड्यांना मोठ्या हौसेनें बोली लागते. त्यांच्या प्रार्थनेंतही पाळक मागणें म्हणतो आणि मंडळी एकमुखानें साथ देते. आपल्या गाऱ्हाण्याचा सूर येथें सहज ओळखूं येतो.

याच पंचहौदाच्या आवारांत ऑक्टोबर १८९० मध्यें व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेवलीं गेलीं. पाहुण्यांत रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशांनीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, शास्त्र्यांनीं चौकशी केली, मोठमोठ्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें. शेजाऱ्याच्या घरच्या पेलाभर चहानें शहर हादरलें. आणि त्याच आवारांत प्रभुभोजनाच्या वेळीं निरनिराळ्या जातींतून आलेलीं माणसें एकाच पेल्याला ओठ लावीत होतीं! पाहुणचार ही केवळ शिष्टाचाराची बाब नसून त्यासाठीं किंमत मोजावी लागते, हें याहून स्पष्ट कशानें व्हावें?

तथापि एकांगी स्तुति करणें रास्त नाहीं. ख्रिस्ती समाजांतही जातीचा पीळ पुष्कळ ठिकाणीं टिकला. गोऱ्या माणसाच्या औदार्यांतही अंतर असे. तमिळनाडूंतील व्ही. एस्. अझारिया यांनीं १९१० सालीं एडिंबरोच्या परिषदेंत मिशनऱ्यांच्या त्यागाचा गौरव केला, परंतु आम्हांस मित्रही द्या, असें मागणें सर्वांसमोर मांडलें. दोन वर्षांनीं ते अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. दान देणें सोपें, बरोबरीनें बसणें कठीण, हाच त्यांच्या मागण्याचा मथितार्थ होता. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालें. घरांतल्या कांहीं भिंती तरी त्या दिवशीं पडल्या.

श्रोतेहो, आतां हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा राहिलेला नाहीं. कोंकणांतून शहरांत आलेला प्रत्येक चाकरमानी गांवांतील आपली नेमलेली जागा मागें ठेवून आलेला असतो. त्याच्या चाळींत, त्याच्या इमारतींत, त्याच्या उत्सवमंडळांत त्याला नवी जागा कोण देतें? जन्मानें मिळालेली जागा सांभाळण्यास आठवण पुरते; परक्याला नवी जागा द्यावयाची तर आपल्याला थोडें सरकून बसावें लागतें. तुमच्या जिन्यांत नवें बिऱ्हाड आलें असेल, तर आज संध्याकाळीं त्यांना चहाला बोलवा. सुदैवानें त्याबद्दल आतां प्रायश्चित्त घ्यावें लागत नाहीं.