आईला विचारून
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय बाई, सर आणि १९७९च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचा छंद' असा विषय दिला. आत्तापर्यंत कुणी गच्चीवरची बाग सांगितली, कुणी नर्मदा परिक्रमा. माझा छंद ऐकल्यावर संयोजक फोनवर जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "अरे, बाई येणार आहेत, चालेल का?" मी बाईंनाच फोन लावला. त्या म्हणाल्या, "किण्वन मीच शिकवलं होतं ना तुम्हाला? मग बोल." तर बोलतो. घरी बिअर कशी करतात आणि कशी चाखतात, हे मी वयाच्या ५९व्या वर्षी शिकलो.

घरी म्हणजे डोंबिवलीच्या घरी नव्हे, हे आधीच सांगतो. समोर दोन वकील बसले आहेत. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. प्यायलासुद्धा परवाना लागतो, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना पंचेचाळीस वर्षांत कळलेलं नाही असं दिसतं. माझी मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. तिथंही १९६३पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. आता विकायची नसेल तर कुणी विचारत नाही. माझे जावई ती गॅरेजमध्ये करतात.

२०२२च्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो. बाहेर सतत पाऊस, दुपारी चारला अंधार. एका शनिवारी जावयांनी साडेचार किलो भरडलेलं बार्लीचं माल्ट गरम पाण्यात घातलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आपल्या नाचणी सत्त्वाचंच भावंडं. ते पाणी तासभर ६५-६६ अंशांवर ठेवायचं असतं, म्हणजे धान्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. मी खुर्चीत बसून बघत होतो. एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अडतीस वर्षं काढलेला माणूस किती वेळ गप्प बसणार? मी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरला. तो शून्याऐवजी उणे सात दाखवत होता! म्हणजे ते ज्याला ६६ समजत होते ते ७३ होतं. त्या तापमानाला अर्धी विकरं मरतात, न आंबणारी साखर जास्त उरते आणि बिअर गुळचट होते. "बाबा, म्हणूनच माझी नेहमी गोड लागते!" असं म्हणून त्यांनी मला एप्रन दिला.

बाई, तुम्ही बटाट्यावर आयोडीन टाकून दाखवलं होतं, आठवतं? काळंनिळं झालं की स्टार्च आहे. तासाभराने मी बशीत त्या पाण्याचा थेंब घेतला, वर आयोडीन टाकलं. रंग बदलला नाही. स्टार्च संपला! ४३ वर्षांनी तो प्रयोग माझ्या कामाला आला.

पुढचं थोडक्यात सांगतो. ते पाणी गाळून तासभर उकळायचं. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सुरुवातीला घातली तर कडवटपणा येतो, शेवटी घातली तर सुवास. मग झटपट २० अंशांवर आणून यीस्ट घालायचं. घनतामापी आधी १.०४८ दाखवतो, दोन आठवड्यांनी १.०११. फरकावरून हिशेब केला की अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जरा खाली येतं. बाकी नव्वद टक्के काम भांडी घासण्याचं. जे उकळीनंतरच्या बिअरला लागणार ते निर्जंतुक नसेल, तर वीस लिटर व्हिनेगर होतं. आमचं एकदा झालं.

असे तीन घाणे मी केले आणि एक थेंबही तोंडात घेतला नाही.

याचं कारण जुन्या मित्रांना माहीत आहे, पण कुणी कधी बोललं नाही. माझे वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२मध्ये संप झाला तेव्हा मी बी.एस्सी.ला होतो. संप कधी संपला ते कळलंच नाही, नोकरी मात्र संपली. सकाळची लोकल पकडायची सवय असलेला माणूस दिवसभर चाळीच्या जिन्यात बसायला लागला, आणि मग खाडीच्या बाजूला हातभट्टी मिळायची तिकडे जायला लागला. १९८९मध्ये गेले. त्याआधीच, माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी, आईने माझा हात देवघरातल्या समईवर ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

इथे रसायनशास्त्रवाला म्हणून एक सांगतो, कारण लीड्सचे फोटो पाहून दोघांनी मला विचारलं, "घरच्या दारूने माणूस आंधळा होतो ना रे?" २०१५मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने. ते कारखान्यात वापरायचं रसायन, ते त्या दारूत आलं होतं. बार्ली आंबवून ते घातक प्रमाणात तयार होत नाही. माझे वडील मिथेनॉलने गेले नाहीत. साध्या दारूने, सात वर्षांत, हळूहळू गेले.

चौथ्या घाण्याला जावई म्हणाले, "काहीतरी बिघडलंय, पण काय ते कळत नाही." मी नुसता वास घेतला. लोणी कढवताना घरभर येतो तसा. त्याला डायअॅसिटिल म्हणतात, बिअर यीस्टवरून घाईने काढली की राहतं. दोन-तीन दिवस जरा उबेत तशीच ठेवली तर यीस्टच ते खाऊन टाकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ओळखलं नाकाने. तेव्हा पहिल्यांदा मला चव घ्यावीशी वाटली. पिण्याची इच्छा नव्हती. आपण केलेलं काम बरोबर झालं की नाही, एवढंच बघायचं होतं.

डोंबिवलीला फोन लावला. आई तेव्हा ८१ वर्षांची. सगळं सांगितलं. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी कधी चव घेतली नाही रे. नुसतं ओतायचे." पुन्हा शांतता. "एक पेला घे. दुसरा घेतलास तर मला सांगायचं." तीन वर्षांत मला दोनदा सांगावं लागलं आहे. दोन्ही वेळा तिने विचारलं, "का?" उत्तर द्यायला फार अवघड प्रश्न आहे, करून बघा.

आता मी इथेच असतो, त्यामुळे करणं बंद, चाखणं चालू. आपल्याच डोंबिवलीत २०१४च्या सुमारास गेटवे ब्रुइंग कंपनी गव्हाची 'व्हाइट झेन' करून मुंबईच्या हॉटेलांना पुरवत होती. बिअर डोंबिवलीची आणि पिणारे कुलाब्याचे! मला तेव्हा पत्ताच नव्हता. त्या जातीच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. यात केळं नसतं, लवंग नसते, सगळं यीस्टचं काम. ठाण्याला आम्ही चौघं महिन्यातून एकदा बसतो. आधी वास, मग रंग, मग छोटा घोट, मग वहीत नोंद. एक ग्लास चौघांत. वेटर आम्हाला कंटाळला आहे.

त्या चौघांत आपला एक मित्र नाही. तो शेवटच्या ओळीत बसला आहे आणि त्याला विचारूनच बोलतो आहे. बारा वर्षं तो दारूपासून लांब आहे. मी उत्साहाने वर्णन करायला लागलो तेव्हा त्याने थांबवलं, "तुझं ठीक आहे, पण माझ्यासमोर नको." तेव्हापासून त्याच्यासमोर हा विषय काढत नाही. या भाषणासाठी विचारलं तेव्हा म्हणाला, "बोल. फक्त काकांचं लपवू नकोस, आणि जेवणाच्या वेळी बाटली नको." म्हणून आज बाटली नाही.

बाहेरच्या टेबलावर पाच वाट्या फडक्याने झाकून ठेवल्या आहेत. पिकलेलं केळं, लवंग, कढवलेलं लोणी, उकडलेला मका, आणि शिळ्या बिअरला येतो तो ओल्या पुठ्ठ्याचा वास. क्रम मी बदलला आहे. डोळे मिटायचे आणि ओळखायचं. पाचही ओळखणारा मला अजून भेटलेला नाही. आईने चार ओळखले, मका तिला भुट्टेवाल्याचा वाटला, पण माझ्या मते तो बरोबरच धरायला हवा.

बाई, पहिला नंबर तुमचा.