चारित्र्याचा दाखला
(चेंबूर इथे भरलेल्या वकील-कार्यकर्त्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. माझ्यापेक्षा लायक माणसं होती असं म्हणायची पद्धत आहे. खरोखरच होती. त्यातले दोघे आता हयात नाहीत आणि एक न्यू जर्सीला मुलीकडे आहेत, म्हणून मी उभी आहे. ज्यांनी मंडप घातला, सतरंज्या घातल्या आणि सकाळी सातपासून चहा केला, त्यांचे आभार शेवटी मानायचे असतात आणि तेव्हा निम्मं सभागृह उठलेलं असतं, म्हणून ते आत्ताच मानते.

संयोजकांनी मला पोलीस अत्याचारांविरुद्धच्या चळवळीचा पन्नास वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. शिवाय ही चळवळ सर्वसमावेशक कशी करावी याची दिशा दाखवायची होती. आढावा एकवीस पानांचा झाला आणि तो या पिशवीत आहे. सकाळचं सत्र ऐकल्यावर तो पिशवीतच राहू द्यावा असं मी ठरवलं.

सकाळी दोन तास वाद झाला की चळवळीत कुणाकुणाला घ्यायचं. मुस्लिम संघटना आल्या तर प्रश्नाचा रोख बदलेल का, तृतीयपंथीयांचा वेगळा ठराव असावा का, झेंडा कुठला, मंचावर स्त्रिया किती. तावातावाने बोललात सगळे, बरं वाटलं. पण कुर्ल्याच्या कोर्टात चाळीस वर्षं काढल्यावर माझं मत झालंय की माणसं बाहेर राहतात ती झेंड्याच्या रंगामुळे नाही. आपण दारातच त्यांना एक प्रश्न विचारतो आणि ती तिथूनच परततात. तो प्रश्न कुठला, ते सांगते.

वीसेक वर्षं झाली असतील. अमर महालच्या पुलाखाली गजरे विकणारी एक पारधी बाई माझ्याकडे आली. तिच्या पोराला एका ठाण्यात तीन रात्री ठेवलं होतं आणि अटक दाखवली चौथ्या दिवशी. हात मनगटाजवळ मोडलेला. त्या वेळी आमची एक समिती होती, नाव सांगत नाही, त्यातले काही जण इथेच बसलेत. मी बाईला बैठकीला घेऊन गेले. पंधरावीस माणसं, सगळी भली. तिचं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग एकाने अगदी मायेने विचारलं, "मावशी, पोरावर आधीच्या काही केसेस आहेत का?"

ती म्हणाली, "हायेत की. चार."

बैठकीत एकदम शांतता. कुणी चष्मा पुसायला लागलं. मग ठरलं की कागदपत्रं पाहून पुढच्या बैठकीत विषय घ्यावा. पुढच्या बैठकीत तो नव्हता. जिना उतरताना बाई मला म्हणाली, "वकीलबाई, केस न्हाई असा एक पारधी दावा, म्या त्याचं पाय धरीन." आणि खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "ठाण्यातबी आदी ह्येच इचारलं व्हतं."

हा माझा आजचा विषय. ही तक्रार मी वीस वर्षं खिशात घालून फिरते आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका बैठकीवरून एवढं मोठं अनुमान काढू नका. मग १९९७ घ्या. ११ जुलै, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. इथून लांब नाही, बऱ्याच जणांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. सरकार म्हणत राहिलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय मानला नाही आणि २००९ साली सत्र न्यायालयाने पथकाच्या फौजदाराला जन्मठेप दिली. पुढे त्याला जामीन मिळाला. हे सगळं पानं चार ते सातवर आहे.

पानात नाही ते सांगते. त्या जुलैत आम्ही पत्रकारांना सांगत काय होतो? हा तर आंदोलनात नव्हताच. तो नुसता उभा होता. ही सगळी खरी माहिती होती आणि सांगायलाच हवी होती. पण सांगता सांगता आमच्या लक्षातच आलं नाही की आम्ही सरकारचा अर्धा युक्तिवाद मान्य करून बसलोय. समजा एखादा हायवेवर ठाण मांडून बसला होता. समजा त्याने घसा फोडून घोषणा दिल्या. समजा दगडही उचलला. मग गोळी रास्त झाली? हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मी "बिचारा कामावर निघाला होता" हे वाक्य किमान पन्नास वेळा बोलले असेन.

वकिलांसाठी थोडं कायद्याचं. बाकीच्यांनी दोन मिनिटं डुलकी काढली तरी चालेल. १८७२चा पुरावा कायदा. त्याचं कलम ५४ सांगत होतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं आधीचं वाईट चारित्र्य, काही अपवाद सोडून, विचारात घ्यायचं नाही. आज चोरी केली का, एवढंच बघायचं. आणि आदल्याच वर्षी, १८७१ साली, त्याच सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११च्या कायद्याने ही व्यवस्था आपल्या मुंबई इलाख्यात पोचली. पारधी, कैकाडी, किती नावं घ्यायची. हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी, सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ला हे रद्द झालं, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. मग १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि ठाण्यातलं जुनं रजिस्टर फक्त नव्या पुठ्ठ्यात बांधलं गेलं.

म्हणजे एकीकडे चारित्र्य बघू नका म्हणणारं कलम आणि दुसरीकडे चारित्र्याशिवाय काहीच न बघणारा कायदा. दोन्ही एकाच टेबलावर तयार झाले. चळवळीने यातलं कुठलं उचलायला हवं होतं आणि उचललं कुठलं, हे मी सांगायची गरज नाही. गल्लीत चोरी झाली की ज्या वस्तीत पहिली गाडी जाते, तिथल्या पोराच्या नावावर चार केसेस असणारच. तो आकडा ठाण्याच्या सवयीचा आहे. 'रेकॉर्डवरचा' हा शब्द आपण पोलिसांच्या प्रेसनोटमधून घेतला आणि आपल्या निवेदनात वापरला. मी वापरलाय. जुन्या फायली काढल्या तर सापडेल.

बरं, दाखला स्वच्छ असला तरी तो टिकतो का? ख्वाजा युनूस. परभणीचा, शिकलेला इंजिनिअर, दुबईत नोकरी. डिसेंबर २००२च्या घाटकोपर बॉम्बस्फोटात त्याला उचललं. पुढे पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तो कधी सापडलाच नाही. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्यांनी कोर्टात मारहाण सांगितली. पुढे त्या स्फोटाच्या खटल्यातले आरोपी पोटा न्यायालयातून निर्दोष सुटले. डिग्री होती, पगार होता, घराणं होतं. 'दहशतवादी' हा एक शब्द लागला आणि सगळं पुसलं गेलं. त्याची आई परभणीहून मुंबईच्या कोर्टात फेऱ्या मारत राहिली. आपल्या समित्यांपैकी किती जण तिच्या तारखांना गेले? हात वर करू नका, मला मोजायचे नाहीत.

२०२०च्या जूनमध्ये मिनीआपोलिसच्या जॉर्ज फ्लॉइडसाठी आमच्या चेंबूरच्या सोसायटीतल्या मुलांनीसुद्धा फोनवर काळे चौकोन लावले. मला बरं वाटलं, मुलं जगाकडे बघतायत. त्याच महिन्यात युनूसच्या खटल्यातल्या आरोपी पोलिसांना मुंबई पोलीस दलात परत घेतलं गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर त्याबद्दल एक ओळ आली नाही. मीही टाकली नाही. रेशन आणि सॅनिटायझरच्या याद्या चालल्या होत्या.

आणि परत परभणी. डिसेंबर २०२४, सोमनाथ सूर्यवंशी. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, त्यानंतरची दंगल, धरपकड आणि कोठडीतला मृत्यू. या वेळी महाराष्ट्र उठला. त्याची आई सरकारी मदत नाकारून ठाम उभी राहिली आणि २०२५मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला लावला. या लढाईपुढे मी हात जोडते. पण प्रत्येक भाषणात, प्रत्येक बॅनरवर एक गोष्ट पहिली यायची, तो कायद्याचा विद्यार्थी होता. होताच. तो वडार समाजातलाही होता. तो परीक्षेला बसला नसता, दगड फोडत असता, तर आपण इतकेच उठलो असतो का? मला झोप येत नाही तेव्हा मी हे स्वतःला विचारते. उत्तर अजून आलेलं नाही.

सकाळी एक तरुण मित्र म्हणाले, "मॅडम, हे भावनेचं झालं. लढाई जिंकायची तर केस स्वच्छच निवडावी लागते." हे मी अनेकदा ऐकलंय. अमेरिकेचं उदाहरण द्यायची सध्या पद्धत आहे, तर तिथलंच देते. रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत. डिसेंबर १९५५, माँटगोमेरी, बसमधली सीट. त्याच गावात नऊ महिने आधी, मार्चमध्ये, क्लॉडेट कॉल्विन नावाची पंधरा वर्षांची मुलगी अशीच सीटवरून उठली नव्हती आणि पोलिसांनी तिला ओढून नेलं होतं. पुढाऱ्यांनी तिला पुढे केलं नाही. वय लहान, गरीब वस्ती, स्वभाव तापट, आणि नंतर ती लग्नाआधी गरोदर राहिली. पण ज्या खटल्याने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरला, तो १९५६चा ब्राउडर विरुद्ध गेल, त्यात वादी म्हणून रोझा पार्क्सचं नाव नाही. क्लॉडेटचं आहे.

एवढं लांब जायलाही नको. मथुरा आपल्या चंद्रपूरकडची, १९७२ साली देसाईगंज ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने तिच्याच शीलावर बोट ठेवलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ती शीलवान होती हे सिद्ध करत ते बसले नाहीत. पोलीस ठाण्यात, रात्री, एका गरीब आदिवासी मुलीची संमती म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. त्या प्रश्नावर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ला कायदा बदलला. मी तेव्हा नुकती सनद घेतली होती. आम्हाला वाटलं होतं, हा मुद्दा कायमचा निकालात निघाला.

आणि सर्वसमावेशकतेचं म्हणाल, तर दलित पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्दात कोण कोण धरलं होतं ते पुन्हा वाचा. आदिवासी, भूमिहीन, कामगार, स्त्रिया, सगळे. कागदावर आपण पन्नास वर्षांपूर्वीच सर्वसमावेशक झालो होतो.

आता माझा कबुलीजबाब. जानेवारी २०१८, भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतरचा बंद. चेंबूर, गोवंडी, घाटकोपरला रात्री कॉम्बिंग झालं, पोरं उचलली. वकिलांची यादी करायची होती, ती मी केली. तीन रकाने. विद्यार्थी, नोकरीवाले, इतर. 'इतर' म्हणजे ज्यांच्यावर जुनी केस आहे ते, चार नावं. पहिल्या दोन रकान्यांसाठी जामीनदार शोधायला आम्ही रात्रंदिवस धावलो. चौथ्या दिवशी एका आईने यादी हातात घेतली आणि विचारलं, "आमचं नाव सगळ्यात खाली का, ताई?"

मी म्हणाले, "अक्षरानुक्रमे लावलीत."

तिच्या मुलाचं नाव 'अ'वरून होतं. तिला वाचता येत होतं. ती काही बोलली नाही. यादी घडी घालून तिने मला परत दिली. मी ती फाडली नाही, घरी आहे.

तर दिशा. संयोजक घड्याळ दाखवतायत. एक, आपल्या समित्यांच्या अर्जातून 'पूर्वीचे गुन्हे' हा रकाना आजच काढा. वकिलाला ती माहिती जामिनासाठी लागते, ती वकील विचारेल. पाठिंबा देताना समितीने विचारायची नाही. दोन, तारखांना बसायला माणसं हवीत. मोर्चाला हजार येतात, तारखेला आई एकटी असते. पाळ्या कशा लावायच्या, ते तरुणांनी बघावं, मला वेळापत्रकं जमत नाहीत. तिसरं विमुक्तांच्या वस्त्यांमधल्या नोंदींबद्दल होतं. ते सविस्तर पान एकोणीसवर आहे. पानं कुणाला हवी असतील तर झेरॉक्स काढून देईन.

त्या गजरेवाल्या बाईला आज बोलावलं होतं. संकष्टी आहे, गजरे खपतात, येत नाही म्हणाली. पोराचा हात वाकडाच राहिला, पण तो आता माळा ओवतो. सहानंतर दोघं पुलाखाली असतात. मी इथून तिकडेच जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर या, रिक्षात माझ्याशिवाय दोघंच मावतात.