मेद आणि चरबी



आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. ‘तुला चरबी चढली’ असे कुणी म्हटले, की आपल्याला झोंबते. कारण त्यात माजाचा ठपका असतो. चरबी हा फारसीतून आलेला शब्द. वैद्यकातला शब्द मेद. आयुर्वेदाच्या सात धातूंत रस, रक्त आणि मांस यांच्यानंतर त्याचे स्थान आहे, आणि धातू म्हणजे शरीराला धारण करणारा. मेद ऊब देतो, उपासात शक्ती पुरवतो. मेदपेशींतून निघणाऱ्या लेप्टिनचा शोध १९९४ साली लागला. साठा किती आहे, हे ते मेंदूला कळवते. तेव्हा मेद हा काही शत्रू नव्हे. मात्र चरकसंहितेतही अतिस्थूल व अतिकृश ही दोन्ही टोके वाईटच मानली आहेत.

पोटात आतड्यांभोवती साठलेला मेद मधुमेहाला आणि हृदयविकाराला वाट करून देतो. नुसत्या वजनकाट्यावर तो कळत नाही. म्हणून शिवणाची टेप घ्या. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांच्या वर गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि लेकीसुनांना ‘चरबी’ म्हणून हिणवू नका. हिणवलेली बाई दवाखान्याची पायरी चढायला लाजते, आणि दुखणे मात्र आत वाढत राहते.