पेरूचा वास आला तर पेरूच म्हणावं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाइनविषयी बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, दारूचं कसलं कौतुक सांगता? दुसरा म्हणतो, त्यातलं आपल्याला काय कळतंय, ते साहेब लोकांचं काम. पहिल्या आक्षेपाकडे मी नंतर येणार आहे, कारण तो गंभीर आहे. आधी दुसऱ्याचं बघू. तो निव्वळ भिडेपोटी आलेला आहे.

मी नाशिकचा. आमच्याकडे पाहुणे आले की पंचवटी होते, त्र्यंबकेश्वर होतं आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, ‘ते वाइनचं काय असतं हो, बघता येतं का?’ गंगापूर धरणाच्या बाजूला मी त्यांना घेऊन जातो. तिथे चार-पाच पेल्यांत घोट-घोट वाइन ओतून देतात आणि समोरची मुलगी विचारते, ‘कसला वास येतोय?’ एरवी आमटीत गूळ कमी पडला की चिंच जास्त झाली, हे एका भुरक्यात सांगणारी ही माणसं फळ्यापुढे उभं केल्यासारखी गप्प होतात. ‘छान आहे,’ एवढंच म्हणतात. माझी एक मावशी, वय सत्तरीच्या पुढे, घोटही न घेता पेला नाकाशी नेऊन म्हणाली, ‘पिकल्या पेरूचा वास येतोय की रे!’ आम्ही सगळे हसलो. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, ‘आजी, अगदी बरोबर.’

आणि ते खरोखरच बरोबर होतं. सॉव्हिन्यॉ ब्लाँ नावाच्या द्राक्षाच्या वाइनमध्ये गंधकयुक्त द्रव्यं अत्यल्प प्रमाणात असतात, त्यांतली काही पेरूतही असतात. कॅबर्ने सॉव्हिन्यॉमध्ये कधीकधी ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण ढोबळी मिरचीतलं वासाचं द्रव्य त्यात असतं. शिराझला काळ्या मिरीचा वास येतो तो ज्या द्रव्यामुळे, ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं. मिरीचा मिरीपणाही त्यातूनच येतो. गंमत अशी, की त्याच संशोधनात सुमारे वीस टक्के लोकांना हा वास भरपूर प्रमाणातही आला नाही. त्यांची नाकं वाईट नव्हती, तेवढं एक द्रव्य त्यांना जाणवत नव्हतं. तेव्हा शेजारच्याला मिरी लागली आणि तुम्हाला नाही लागली, तर ओशाळण्याचं काही कारण नाही.

आपली खरी अडचण शब्दांची आहे, आणि ती उसनी आहे. वाइनची पुस्तकं इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहिलेली. त्यांत ब्लॅककरंट येतं, गूजबेरी येते. आपल्यापैकी बहुतेकांनी ही फळं झाडावर सोडाच, बाजारातही पाहिलेली नाहीत. (आणि गूजबेरी म्हणजे आपला आवळा नव्हे. शब्दकोशावर विसंबू नका.) जे कधी खाल्लं नाही, त्याचा वास ओळखायचा तरी कसा? त्यापेक्षा जांभूळ म्हणा, करवंद म्हणा, लिंबाची साल म्हणा, पहिल्या पावसाची माती म्हणा. एका बाबतीत तर मराठी माणूस साहेबाच्या पुढे आहे. लाल वाइन प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या आकसल्यासारख्या होतात. ते टॅनिन. इंग्रजी बोलणाऱ्या नवख्या माणसाला हे समजावताना नाकी नऊ येतात, कारण रोजच्या बोलण्यात त्याच्याकडे त्याला सुटसुटीत शब्द नाही. आपल्याकडे तो षड्रसांत बसलेला आहे : तुरट. कच्चं केळं, सुपारी, हरडा. लाल वाइन तुरट असते, कारण तिचा रस सालींसकट आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं पिळून साली आधीच बाजूला काढतात, म्हणून ती तुरट लागत नाही, आंबटसर लागते. एवढं समजलं की निम्मं वाइनशास्त्र झालं.

आता राहिली तज्ज्ञांची धास्ती. बोर्दो हे फ्रान्समधलं वाइनचं माहेरघर. तिथल्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना संशोधकांनी एक पांढरी वाइन दिली, पण तिच्यात वास-चव नसलेला लाल रंग कालवून. विद्यार्थ्यांनी त्या वाइनचं वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी नाकाला चकवलं. दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २००८ चा. एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा दहा डॉलरची सांगून, एकदा नव्वदची सांगून. नव्वदची जास्त आवडली. नुसतं तोंडदेखलं नव्हे, मेंदूतला आनंद नोंदवणारा भागही जास्त चेतवलेला दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक आंधळ्या चवपरीक्षांचा हिशोब मांडला, म्हणजे किंमत आणि नाव झाकून घेतलेल्या. त्यात सामान्य माणसांना महागडी वाइन किंचित कमीच आवडली होती.

यावरून तज्ज्ञता हे थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. मुरलेल्या माणसाला खरंच जास्त कळतं, जसं गाण्यात कळतं. पण रागाचं नाव ठाऊक नसताना भीमसेन ऐकणारे आपण हजारोंनी होतो ना? मांडीवर ताल चुकत होता म्हणून कुणी मंडपातून उठवलं नाही.

आता तो पहिला, गंभीर आक्षेप. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मोठं वादळ उठलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. उलट बाजूनं ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असंही सांगितलं गेलं. हे वाक्य मला पटत नाही. साधा हिशोब करा. वाइनमध्ये साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल असतं. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात ते १५ ग्रॅमच्या आसपास भरतं. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये असतं १० ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक पेला हा दीड पेग झाला आणि अख्खी बाटली सात पेगच्या वर. लाल वाइन हृदयाला चांगली, हेही आता विसरा. आरोग्याच्या दृष्टीनं सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ज्या घरात दारूनं संसार मोडला, त्या घरी जाऊन पेरूच्या वासाची कौतुकं सांगू नयेत. जो पीत नाही त्यानं माझं ऐकून सुरू करावं, असंही नाही. मी बोलतोय ते, जे एरवी लग्नाकार्यात, क्लबात पितातच, पण वाइनची यादी समोर आली की घाबरून मिटवतात, त्यांच्याशी.

त्यांच्या घाबरण्याशी शेतकऱ्याचाही संबंध पोचतो. महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, अनेकांनी वाइनच्या जातींची लागवड केली. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. खायच्या द्राक्षांसारखी ती बाजारात पेटीत भरून विकता येत नाहीत. बाग मात्र तेवढीच मेहनत मागते : एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, मग जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आपला त्याच्या उलटा. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली, कारखान्यांनी माल उचलला नाही आणि काहींना उभे वेल उपटावे लागले. मूठभर शौकिनांवर चालणारा धंदा असा झटक्यात बसतो.

तेव्हा ज्यांना प्यायचीच आहे, त्यांनी थोडी आणि चव घेत प्यावी. पहिल्यांदा आणायची तर नाशिकचीच शेनिन ब्लाँ आणा, तीही ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली. ती किंचित गोडसर असते आणि आपल्या तिखटाशी तिचं जमतं. लाल, तुरट वाइन झणझणीत रश्श्यासोबत घेतली तर तिखट आणखी भडकतं. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो ना, त्या जागी आंबटसर सॉव्हिन्यॉ ब्लाँ चालते. पातळ काचेचा कुठलाही पेला घ्या, पण एक तृतीयांशच भरा. वर रिकामी जागा राहिली तरच वास साठतो. आणि एक सांगतो, कारण हॉटेलातही हे चुकतं. लाल वाइन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते घर युरोपातलं, सोळा-अठरा अंशांचं. मे महिन्यात आपल्या घरात अडतीस असतात. तेव्हा लाल बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, खुशाल ठेवावी. कुणी नाक मुरडलं तर त्याला भिंतीवरचा थर्मामीटर दाखवा.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर ती हळूहळू आंबत जाते आणि मग तिची जागा कोशिंबिरीत, व्हिनेगरच्या ऐवजी.