दाणा ओळखण्याचे अर्थशास्त्र

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



खनिज संपत्तीची चर्चा करताना साठा किती, उत्पादन किती आणि आयात किती, हे तीन प्रश्न नेहमी विचारले जातात. नाल्यातील वाळूत हाती आलेला काळा दाणा नेमका कशाचा आहे, हे प्रथम कोणाला कळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक खनिजाच्या मूल्याची वाटणी तेथूनच सुरू होते.

छत्तीसगडमधील दंतेवाडा आणि सुकमा जिल्ह्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आपल्याकडे कल्हईमुळे परिचित असलेल्या कथिलाचे खनिज, म्हणजे कॅसिटेराइट, कटेकल्याण व टोंगपालच्या परिसरात सापडते. देशात कथिलाच्या खनिजाचे उत्पादन होते ते याच राज्यात. उरलेली गरज प्रामुख्याने आयातीवर भागते. पेग्मटाइट खडकांची झीज होऊन सुटलेले दाणे ओढ्यानाल्यांत साचतात. सराफकट्ट्यावरील झारेकरी ज्याप्रमाणे धुळीतून सोन्याचे कण वेगळे काढतो, त्याप्रमाणे येथील आदिवासी कुटुंबे वाळू पाण्यात धुऊन हे दाणे वेगळे करतात. राज्याचे खनिज विकास महामंडळ त्यांच्याकडून हे खनिज खरेदी करते.

ओळखीच्या कसोट्या

पहिली कसोटी वजनाची. साध्या वाळूतील गारेचे विशिष्ट गुरुत्व २.६५, तर कॅसिटेराइटचे ६.८ ते ७.१ असते. म्हणजे तेवढ्याच आकाराचा दाणा अडीचपटीहून अधिक जड भरतो. काळ्या तुरमलीचे विशिष्ट गुरुत्व ३ च्या आसपास असल्याने तीही येथेच वेगळी पडते. दुसरी कसोटी लोहचुंबकाची. तीत मॅग्नेटाइट बाजूला होते. तिसरी कसोटी कसाची. दाणा कुटून पूड पांढऱ्या कागदावर पसरली असता कॅसिटेराइटची पूड पांढरट किंवा फिकट तपकिरी दिसते.

तिसऱ्या कसोटीचे महत्त्व विशेष आहे. याच खडकांत कोलंबाइट-टँटॅलाइट हे दुर्मिळ खनिजही आढळते. तेही काळे आणि जड असते. परंतु त्याची पूड गडद तपकिरी ते काळी उतरते. शंका राहिल्यास जस्ताची परीक्षा उपयोगी पडते. जस्ताच्या पत्र्यावर दाणा ठेवून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले असता कॅसिटेराइटवर कथिलाचा करडा थर बसतो आणि घासल्यावर तो चकाकू लागतो. आम्लामुळे ही परीक्षा प्रशिक्षित व्यक्तीनेच करावी.

माहिती आणि भाव

बाजारातील एका पक्षाकडे अधिक माहिती असल्यास व्यवहार कसा बिघडतो, याचे विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये केले. त्यांच्या जुन्या मोटारींच्या उदाहरणात वस्तूचे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात. येथे परिस्थिती उलट असते. विकणाऱ्या कुटुंबाकडे श्रम असतात, पारख मात्र खरेदी करणाऱ्याकडे असते. शुद्ध कॅसिटेराइटमध्ये वजनाने सुमारे ७८ टक्के कथील असते. मालात कॅसिटेराइट ७० टक्केच असेल, तर कथील सुमारे ५५ टक्क्यांवर येते. हा फरक विक्रेत्याला मोजता येत नसेल, तर ‘माल हलका आहे’ या एका वाक्यावर त्याचा दिवसभराचा मोबदला घटू शकतो. टँटॅलाइट कथिलाच्या भावात गेले, तर नुकसान आणखी वाढते. कारण इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील संधारित्रांसाठी लागणारे टँटॅलम त्यातूनच मिळते. आग्नेय आशियात कथील गाळल्यानंतरची मळी दीर्घकाळ टाकाऊ मानली गेली. पुढे तीच टँटॅलमचा महत्त्वाचा स्रोत ठरली.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत कथील, नायोबियम आणि टँटॅलम या तिन्हींचा समावेश आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास मंजुरी मिळाली. शोधकार्य आणि लिलाव यांबरोबरच नाल्याकाठच्या या पहिल्या व्यवहाराकडेही लक्ष पुरवणे आवश्यक आहे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. प्रत्येक खरेदी केंद्रावर प्रमाणित वजनकाटा, लोहचुंबक व कस पाहण्याची सोय असावी; गावातील काही तरुण-तरुणींना या कसोट्यांचे प्रशिक्षण मिळावे आणि वजन, प्रत व दर लिहिलेली पावती विक्रेत्याच्या हाती पडावी. क्षेत्रीय कसोट्या खनिजाची ओळख पटवतात, त्यातील धातूचे नेमके प्रमाण सांगत नाहीत. म्हणून नमुन्यांचे प्रयोगशाळेत पृथक्करण व्हावे आणि त्याचा निष्कर्ष गावात, गावाच्या भाषेत लावला जावा. वाळू धुणाऱ्या कुटुंबाला आपला दाणा ओळखता आला, तर भावाविषयी प्रश्न विचारण्याचे बळही त्याला येईल.