तेलपाणी कोण बघणार?

(महासंघाच्या मासिक सभेतील भाषण)



मागच्या महिन्यात मी एका गटाच्या बैठकीला गेले होते. कोपऱ्यात मिरची कांडप यंत्र होतं. वर पोतं टाकलेलं आणि पोत्यावर मांजर झोपलेलं. विचारलं, "कधीपासून बंद आहे?" एक मावशी म्हणाल्या, "संक्रांतीपासून, मॅडम. पट्टा तुटलाय." नवा पट्टा केवढ्याला मिळतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच.

यात माझीही चूक आहे. यंत्र आलं त्या दिवशी नारळ फोडायला, फोटो काढायला मी पुढे होते. पण याचं तेलपाणी कोण बघणार, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

म्हणून आज एक खरी गोष्ट सांगते. साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी एसटीतून पाहिल्या असतील. तशीच एक पवनचक्की युरोपात, डेन्मार्क देशात, उल्फबोर्ग गावाजवळ आहे. नाव त्विंड. ती कुठल्या कंपनीनं बांधली नाही. १९७३ साली जगभर तेल महागलं. तेव्हा तिथल्या शाळांमधल्या शिक्षकांनी ठरवलं, आपली वीज आपण करायची. त्यांनी आपले पगार एकत्र केले आणि १९७५ मध्ये काम सुरू केलं. विद्यार्थी आले, लांबलांबून स्वयंसेवक आले. त्यात बायकाही होत्या. बहुतेकांनी असलं काम आधी कधी केलं नव्हतं. मनोरा ५० मीटरहून उंच. तीन पाती, एकेक साधारण २७ मीटर लांब, तीही त्यांनीच घडवली. मार्च १९७८ मध्ये चक्की फिरू लागली.

आता खरा मुद्दा. ती आजही फिरते. ४५ वर्षं उलटून गेली! कारण बांधून झाल्यावर ती माणसं हात झटकून घरी गेली नाहीत. देखभाल-दुरुस्ती आपल्याच हातात ठेवली. पुढं पाती जुनी झाली, तर तीही बदलली. आणखी एक शहाणपण बघा. चक्कीची रचना २ मेगावॅटची, पण ती चालवली साधारण १ मेगावॅटपर्यंतच. बैलात ताकद आहे म्हणून कुणी त्याला दम लागेपर्यंत हाकतं का?

पवनचक्कीची देखभाल म्हणजे तरी काय? बोल्ट ढिले झालेत का बघायचं, लागेल तिथं ग्रीस भरायचं, गिअरपेटीतलं तेल तपासायचं, पात्यांना चीर गेलीय का पाहायचं. आणि केलेलं सगळं वहीत लिहायचं. वर चढण्याआधी चक्की थांबवायची, ती चुकून फिरणार नाही असं कुलूप लावायचं, कमरेला पट्टा बांधायचा. एकट्यानं कधीच जायचं नाही.

तायांनो, हे ऐकून आपली बचतीची वही आठवली की नाही? पाच रुपयांचा फरक पडला तरी आपण रात्री बसून हिशोब जुळवतो. मग यंत्राचा हिशोब का नाही?

माझं एवढंच मागणं आहे :

१. यंत्राची वेगळी वही ठेवा. कधी तेल घातलं, कधी आवाज बदलला, कोणता भाग कितीला आणला, सगळं लिहा.

२. दर महिन्याला दोघींची पाळी लावा. एकीला यायचं नाही जमलं तर दुसरी असते.

३. कमाईतला थोडा भाग दुरुस्तीसाठी बाजूला काढा. किती, ते गटात ठराव करून ठरवा. त्यातून कर्ज वाटायचं नाही.

४. मिस्त्री आला की त्याच्या शेजारी उभ्या राहा, विचारा, बघून शिका. यंत्राला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. विजेचं काम मात्र वायरमनकडूनच करून घ्या.

"आम्हाला काय कळतंय यातलं?" असं म्हणू नका. त्या शाळेतल्या लोकांनाही आधी कळत नव्हतं. करता करता कळलं.

त्या गटाच्या मावशींनी परवा फोन केला. तालुक्याला जाऊन पट्टा आणला म्हणे. मी म्हटलं, "वहीत लिहिलं का?" तर हसल्या.

पुढच्या बैठकीला मी येईन, तेव्हा बचतीच्या वहीआधी यंत्राची वही मागणार आहे. तयार ठेवा.